काचेमागचं पीठ

निमेशला या प्रदर्शनातून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. अंधेरी पश्चिमेत भिंतभर स्वतःची चित्रं. पेपरात फोटो. आणि "तुमचा निमेश करतो काय?" या प्रश्नाला इतक्या वर्षांनी एक उत्तर.

त्यासाठी पदरचं घालायचं काय होतं? फक्त बाप. तोही मेलेला.

ही गोष्ट घडलेली आहे. मी तिथे होतो. शपथ घेत नाही, कारण आमच्या घरात शपथा निमेशच घ्यायचा, आणि त्यांचं पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या फेब्रुवारीतला शनिवार. संध्याकाळ. वीरा देसाई रोडच्या आतल्या गल्लीतली एक गॅलरी. पूर्वी तिथे टाइल्सचं शोरूम होतं. भिंती काळ्या रंगवल्या की झाली कला.

निमेश माझा मामेभाऊ. त्याचे वडील, म्हणजे माझा काशीराममामा, जानेवारीत दिंडोशीच्या घरी वारला. अर्धांगामुळे शेवटी शेवटी त्याचा डावा पाय ओढत यायचा. आधी पायाचा आवाज यायचा, मग मामा.

आमच्या तळकोकणातल्या घराण्यात एक रीत आहे. दहाव्याच्या रात्री, माणसाने जिथे प्राण सोडला तिथे तांदळाचं पीठ पसरायचं. बाजूला दिवा ठेवायचा, पिठावर टोपली पालथी घालायची, खोली बंद करायची. सकाळी पिठात काहीतरी उमटलेलं असतं. पाखराचा पाय, मुंगीची रेघ. त्यावरून गेलेला कुठल्या जन्माला गेला ते ओळखायचं. बायकोने ते बघायचं आणि म्हणायचं, "बघितलं. जा आता."

तोवर तो जात नाही.

निमेशने त्या पिठाखाली आपला काळा हातकागद अंथरला. आईला सांगितलं, फरशीला पीठ चिकटू नये म्हणून. सकाळी सरूबाई मामी आंघोळीला गेली, तेवढ्यात याने टोपली उचलली, पीठ कागदाला चिकटून राहावं म्हणून वरून स्प्रे मारला आणि कागद फाइलीत घालून मोकळा.

"काही उमटलंच नव्हतं गं आई. मी गोळा करून टाकलं."

मामीने रिकामी टोपली उचलून ठेवली.

पुढे प्रदर्शनाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं. त्यावर तेच पीठ छापलेलं. मामीने माझ्या फोनमध्ये ते पाहिलं आणि पदर खोचला.

"माका थय घेऊन चल. माझो माणूस अडकलो हा."

गेलो.

चित्रं कसली होती म्हणता? कागदावर कोळसा, चहाचे डाग, जाळलेली लेस, कावळ्याची पिसं. टोकदार कमानी, पडकी चर्चं, वटवाघळं. हा चर्चमध्ये गेला असेल तर नाताळच्या केकसाठी. वटवाघूळ त्याने आरेच्या जंगलात एकदा खरं पाहिलं होतं, तेव्हा चप्पल तिथेच टाकून पळाला होता.

गॅलरीची मालकीण हेमांगी सगळ्यांना सांगत होती, "गॉथिक आहे, पण इथल्या मातीतलं." काळे कपडे घातलेली माणसं माना डोलावत चीज खात होती.

"बाबा गेल्यावर मी त्यांच्याशी संवाद साधला," निमेश एका बाईला म्हणत होता.

बाप जिवंत असताना हा त्याचा फोन उचलायचा नाही.

मामीची साडी आणि हातातली प्लास्टिकची पिशवी दिसताच तो धावत आला.

"आई, तू कशाला आलीस?"

"ता पीठ माका बघूक दी. एक शब्द बोलतंय आणि जातंय."

"आत्ता नको गं. जुहूचा एक हॉटेलवाला येतोय, धवलभाई. तो जाऊ दे, मग हवं तेवढं बघ."

आणि सख्ख्या आईला आतल्या खोलीत, रिकाम्या खोक्यांशेजारी बसवून आला.

मी मधल्या फ्रेमसमोर उभा राहिलो. काळा कागद, पांढरं पीठ. खालच्या कोपऱ्यात...

माणसाचं पाऊल. डावं. टाचेमागे ओढल्याची रेघ.

मी चहा घेऊन परत आलो.

पाऊल कोपऱ्यात नव्हतं... कागदाच्या मधोमध होतं.

वर काच. मागे खिळे ठोकलेली चौकट. मी स्वतःला म्हटलं, उजेडाचा खेळ असेल.

धवलभाई आले. बघितलं न बघितलं, होकार दिला. हेमांगीने मधल्या फ्रेमखाली विकल्याची लाल टिकली चिकटवली. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत...

घस्स.

फरशीवर काहीतरी ओढलं गेलं.

मी फ्रेमकडे पाहिलं. पीठ सपाट. हात फिरवून सारखं केल्यासारखं.

शेजारच्या फ्रेममध्ये कोळशाची कमान होती. तिच्या खाली... पांढरं पाऊल.

"वा, चित्रं एकमेकांशी बोलतात," एक दाढीवाला म्हणाला.

घस्स.

त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये. मग त्याच्या पुढच्या. मागची पावलं पुसली जात होती. हेमांगी कौतुकाने निमेशला म्हणाली, "हे मला सांगितलंच नव्हतंस." आणि निमेश, खरं सांगतो, जाणत्यासारखा हसला. माहीत नसलेल्या गोष्टीचंही श्रेय घेतलं.

मी मामीला बाहेर आणलं. ती सपाट पिठासमोर उभी राहिली.

"हयसर कोण नाय," ती म्हणाली.

मग भिंतीच्या कडेने चालत गेली, एकेक फ्रेम बघत. शेवटच्या फ्रेमला पाठ लावून निमेश भाषण करत होता. मृत्यू, कागद, नश्वरता. मामी त्याच्यासमोर थांबली.

शेवटच्या फ्रेममध्येही काही नव्हतं.

निमेश बोलता बोलता थांबला.

एक पाऊल पुढे आला. दुसरं... ओढत आणलं. डावं.

घस्स.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, गिऱ्हाइकांसाठी नाटक करतोय. नकलेत तो हुशार होता.

पण निमेशला मालवणी येत नव्हती. लाज वाटायची त्याला.

"सरू," तो आईला म्हणाला, "दमलंय गो. घराक चल."

मामीने तोंड उघडलं. कुठला शब्द येणार ते मला ठाऊक होतं. त्यासाठीच तर आली होती.

तिने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तोंड मिटलं.

"चल," म्हणाली, आणि त्याचा हात धरला.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी पाय तपासला, डोकं तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले. निमेशने नंतर कागदाला हात लावला नाही. दिंडोशीच्या घरात खिडकीशी बसून असतो. मी गेलो की मला "भाच्या" म्हणतो.

मी जातो, पण चहा संपवत नाही.

आता कोणाला काय मिळालं ते बघू. हेमांगीला गिऱ्हाइकं मिळाली. धवलभाईंच्या हॉटेलात सपाट पीठ टांगलंय, लोक त्यापुढे फोटो काढतात. निमेशचं नाव झालं, फक्त ते ऐकायला निमेश कुठे आहे, ते मला विचारू नका. मामाला घर मिळालं.

किंमत भरली मामीने.

एका शब्दात नवरा सुटेल. पण मुलगा मागे राहील की त्याच्याबरोबर जाईल, हे सांगणारं कोणी नाही. म्हणून ती आता त्या घरात कुणालाच "जा" म्हणत नाही. ओट्यावर चढलेल्या मांजरालाही नाही. ते दूध पिऊन संपवतं, आणि ती बघत उभी राहते.