दुल्हाभाईंची कॉलर ट्यून

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात, दिवसाढवळ्या, सगळी माणसं समोर बसलेली असताना घडलंय. ज्याला खोटं वाटतं त्यानं इथंच थांबावं. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

मी मिनाज. लोहारा तालुक्यातलं सास्तूर माझं गाव. घरी आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठीत झाली, म्हणून लिहिते मराठीत. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. जुम्म्याचा, म्हणजे शुक्रवारचा दिवस. दुपारची नमाज नुकतीच झाली होती.

पण आधी त्या गाण्याचं सांगते.

आम्ही लहान असताना एक गाणं आलं होतं. नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच लावून बघाल, आणि ते मला नकोय.

तुमच्याही लहानपणी असं एक गाणं असेलच. लग्नात तेच, टमटममध्ये तेच, शाळेच्या गॅदरिंगला तेच. अब्बांनी चायनाचा मोबाईल आणला होता, पाठीला हा एवढा स्पीकर. माझी थोरली बहीण यास्मिन, तिला मी आपा म्हणायची, लोहाऱ्याहून मेमरी कार्ड भरून आणायची आणि घरात पाय टाकला की तेच लावायची. अम्मी ओरडायची, "कान किटले गं माझे!" अब्बा तोंड वाकडं करायचे, पण त्यांच्या पायाचा अंगठा मात्र ताल धरायचा.

त्या गाण्यात मध्येच एक जागा आहे. सगळं वाजणं एकदम थांबतं.

क्षणभर काहीच नाही...

मग दोन टाळ्या, आणि गाणं पुन्हा सुरू.

त्या थांब्यात आपा डोळे मोठे करून माझ्याकडं बघायची. टाळ्या दोघींनी एकदम मारायच्या. माझी नेहमी आधीच पडायची आणि ती हसून हसून लोळायची.

आपाचं लग्न माकणीच्या मुजीबशी झालं. त्याचं गॅरेज होतं. बोलायला असा गोड, की अब्बांच्या गळ्यातला ताईतच झाला.

घरात मात्र निराळाच. आपानं भाकरी करताना ते गाणं लावलं, म्हणून त्यानं तिचा मोबाईल फरशीवर आपटला. "कुणाची आठवण येती गं तुला हे ऐकून?" म्हणाला मेला. त्यानंतर तिच्याकडं फोन राहिला नाही.

एकदा आपा तिच्या लेकाला, छोट्या सादला, कडेवर घेऊन एकटीच घरी आली. दंडावर काळेनिळे वळ.

"अब्बा, मी परत जाणार नाही," म्हणाली.

अब्बा म्हणाले, "बेटा, दिल्या घरी नांदावं. चार लोकांत माझी मान खाली घालू नको."

आणि स्वतः मोटरसायकलवर बसवून तिला माकणीला सोडून आले.

पुढच्याच आठवड्यात निरोप आला. आपा धरणाच्या फुगवट्यावर कपडे धुवायला गेली होती. पाय घसरला. गेली.

माझी आपा पाण्याला एवढी भ्यायची, की घोट्याच्या पुढं कधी उतरायची नाही. मी हे सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी.

तेव्हापासून ते गाणं मला सोसत नाही. टमटममध्ये लागलं तर मी मध्येच उतरते आणि उन्हातान्हात चालत घरी येते. एका हळदीत लागलं, तर मी स्पीकरची वायरच उपटली. बायका म्हणाल्या, मिनाज येडी झाली. होऊ दे.

वर्ष सरलं आणि मुजीबकडून, आमच्या दुल्हाभाईंकडून, मागणी आली. माझ्यासाठी.

लेकराला सावत्र आई नको, मावशीच आई होऊ दे. ही रीत आमच्यातही आहे आणि तुमच्यातही आहे, उगाच कानावर हात ठेवू नका. बहीण गेली की तिच्या जागी बहीण. जुनं झंपर विटलं की त्याच मापाचं दुसरं शिवावं, तसं.

मी नाही म्हणाले. रडले, भांडले, उपाशी राहिले.

अब्बा म्हणाले, "सादच्या तोंडाकडं बघ."

तिथंच मी हरले. साद कुशीत शिरला की मला आपाच्या केसांचा वास यायचा.

निकाहची तारीख ठरली. त्याच घरात, त्याच माणसासोबत मला जन्म काढायचा होता.

एका सकाळी अम्मी म्हणाली, "दुल्हाभाईंना फोन लाव गं. जुम्म्याला कपडे घेऊन किती वाजता येणार, विचार."

मी शिलाई मशीनवर बसले होते. फोन लावला आणि कानाला धरला.

रिंग वाजली नाही...

गाणं वाजलं.

तेच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या गाण्यापायी बायकोचा फोन फोडला, ते आता हौसेनं लावतो? एवढा निर्लज्ज?

"बोल मिनाज," तो म्हणाला.

"हे गाणं का लावलंत?"

"कसलं गाणं?"

"तुमची कॉलर ट्यून."

"म्या काय बी लावलं न्हाय. माझ्या फोनची साधी रिंग हाय. येडी का काय तू?"

खोटं बोलत नव्हता तो. आवाजावरून कळत होतं. तेव्हा मला उमगलं, की आपली कॉलर ट्यून आपल्याला कधीच ऐकू येत नाही. ती फक्त फोन लावणाऱ्याला ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा फोन लावला. तो उचलायच्या आत कापायचा, असं ठरवून.

गाणं सुरू झालं. तो थांबा आला.

क्षणभर काहीच नाही...

टाळ्या पडल्याच नाहीत.

थांबा लांबतच गेला. मला वाटलं, फोन कटला. आणि मग अगदी हळू आवाज आला. पाणी. काठावरच्या दगडाला लागणारं पाणी. चुबुक... चुबुक...

मी फोन पलंगावर फेकला. 

पण राहवेना. पुन्हा लावला.

गाणं. थांबा. पाणी.

आणि पाण्याच्या अलीकडं, अगदी माझ्या कानाशी...

"छोडो ना... बच्चा देख रा."

आपा होती.

सोडा म्हणत होती ती त्याला. लेकरू बघतंय म्हणत होती.

मी तशीच उठले आणि ओट्यावर अब्बांसमोर जाऊन उभी राहिले. "अब्बा, लावा तुमच्या लाडक्या जावयाला फोन. आणि तो उचलेपर्यंत ऐका."

अब्बांनी लावला. ऐकत राहिले. या गाण्याला ताल धरणारा त्यांच्या पायाचा अंगठा या वेळी हलला नाही. मग त्यांनी फोन खाली ठेवला.

"कंपनीवाले आपोआप लावतात बेटा असली गाणी."

"आणि थांब्यात काय होतं?"

"काही नव्हतं."

पण त्यांना सुपारी फोडता येईना. अडकित्ता हातातून निसटला तो उचललाही नाही.

मग मी ठरवलं. ज्याची ट्यून त्यालाच ऐकवायची.

जुम्म्याला दुपारी ते आले. दुल्हाभाई, त्यांची अम्मी आणि साद. सतरंजीवर निकाहच्या कपड्यांचा लाल जोडा मांडला. चहा झाला. दुल्हाभाईंचा फोन कपाशेजारी पडला होता.

मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. समोर त्यांचा फोन वाजायला लागला. ते उचलायला वाकले.

"उचलू नका, वाजू द्या," मी म्हणाले. "हा माझा फोन घ्या आणि आपली ट्यून आपण एकदा ऐका. माझ्या हौसेखातर."

होणाऱ्या सासूबाई हसल्या. "पोरीला आत्तापासनंच थट्टा सुचती!"

अब्बा हसले नाहीत.

दुल्हाभाईंनी माझा फोन कानाला लावला. आधी हसू आलं. मग कपाळाला आठी.

"हे कुणी लावलं?"

मग ते गप्प झाले.

मला कळलं... थांबा आला.

सतरंजीवरचा त्यांचा फोन वाजत होता. वाजता वाजता बंद पडला. मी वाकून बघितलं. कॉल उचलला गेला होता. कोणी हात लावला नव्हता. आम्ही सगळे तिथंच होतो, सगळ्यांचे हात दिसत होते.

"न्हाय," दुल्हाभाई म्हणाले.

त्यांच्या ओठांना रंग राहिला नव्हता.

"न्हाय यास्मिन. तसं न्हाय. म्या मुद्दाम न्हाय..."

सासूबाई ओरडल्या, "मुजीब! कुणाशी बोलतोयस?"

ते उठले. अनवाणीच बाहेर गेले. मान वाकडी करून माझा फोन खांद्यात दाबला, मोटरसायकलला किक मारली आणि माकणीच्या रस्त्याला लागले. अब्बा मागं धावले, हाका मारल्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही. शेजारच्या गोरोबाकाकांनी आपली गाडी काढली आणि मागं गेले.

आम्ही आत आलो. सतरंजीवरचा फोन अजून चालू होता.

त्यातून वारं ऐकू येत होतं. मोठ्यानं. स्पीकर कोणी लावला ते मला माहीत नाही. मी लावला नव्हता.

वारं. गाडीचा आवाज. कुठंतरी ट्रॅक्टरचा हॉर्न. मग गाडी बंद झाली.

खड्यांवर पाय वाजले... आणि पाणी.

अम्मीनं सादला उचललं आणि मागच्या दारानं बाहेर नेलं. सासूबाई फोन बंद करायला वाकल्या, पण हात पुढं जाईना. तोंडावर पदर दाबून तशाच बसल्या.

चुबुक... चुबुक...

"लई थंड हाय," फोनमधून दुल्हाभाईंचा आवाज आला. लहान पोरानं सांगावं तसा. "यास्मिन, बास की. बास."

मग जोरात पाणी हललं.

"छोड. छोड ना... यास्मिन, छोड ना!"

अब्बांनी भिंतीला हात टेकला.

नंतर बोलणं नव्हतं. नुसतं गुदमरणं होतं. ते थांबायला फार वेळ लागला.

मग काहीच नाही...

आणि दोन टाळ्या.

माझे हात मांडीवरून वर आले होते. ते मी खाली दाबून धरले.

फोन बंद झाला.

गोरोबाकाका संध्याकाळी परतले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आपा जिथं गेली, त्याच धुण्याच्या दगडापाशी दुल्हाभाई सापडले होते. माझा फोन दगडावर होता. कोरडा.

"गुडघाभर बी पाणी न्हाय तिथं, जैनुभाई," काका अब्बांना म्हणाले. "आन् एवढा धडधाकट गडी बुडाला. कसा बुडाला, तुमीच सांगा."

पोलिसांनी अपघात लिहिला आणि पुढं माझा फोन मला परत दिला.

मला वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी पोटभर जेवले. लाल जोडा माकणीला परत पाठवला. साद आमच्याकडंच राहिला, त्याची दादी एका शब्दानं आडवी आली नाही. मला वाटलं, आपानं हिशेब चुकता केला, आता निवांत झोपेल.

पण थोड्या दिवसांनी माझ्या शिलाईच्या गिऱ्हाईक बायका म्हणायला लागल्या, "मिनाज, हे जुनं गाणं कुठून काढलंस गं? छान वाटतं फोन लावला की."

मी काहीच लावलेलं नाही.

मी नंबर बदलला, तरी तेच. त्यांना खोदून खोदून विचारलं, थांब्यात काय ऐकू येतं? म्हणाल्या, टाळ्या. दुसरं काही नाही.

अब्बांचं तसं नाही.

एका दुपारी मी कणीक मळत होते आणि अब्बांचा फोन आला. हात धुऊन उचलायला उशीर झाला. उचलला, तर पलीकडं अब्बा रडत होते.

"मी तुला परत पाठवायला नको होतं, बेटा. वळ बघूनसुद्धा पाठवलं मी."

"अब्बा?" मी म्हणाले.

ते एकदम थांबले. "मिना? तू कशाला उचललास?"

बाहेर जाऊन बघितलं, तर ते ओट्यावरच बसले होते. घरातल्या माणसाला ओट्यावरून फोन लावत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझा फोन आला तर उचलत जाऊ नको. वाजू दे."

आता रोज दिवस कलला, असरची नमाज झाली की ते फोन लावतात. इथं माझ्या हातात त्यांचं नाव चमकत राहतं. खिडकीतून मला ते दिसतात. मान खाली, फोन कानाला. मध्येच मान हलवतात. मी एकदा फोन दिवसभर बंद ठेवून बघितला, तर ते रात्री जेवले नाहीत.

काल मी दाराआड उभी राहून ऐकलं. नुसतं "हो बेटा" म्हणत होते. "हो बेटा. हो. येतो."

त्यांच्या मोटरसायकलची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली आहे.

आज सकाळी ते अम्मीला विचारत होते, माकणीची एसटी किती वाजता आहे.