मोरिएन्सची कार्डं

सकाळी सकाळी शब्दकोशाच्या कचेरीत बोंबाबोंब झाली. लॅटिन कोशाचा नवा खंड दुपारी छपाईला जायचा होता आणि 'मोरिएन्स' या एकाच शब्दाची, अर्थ आणि रूपं लिहिलेली सगळी कार्डं खणातून गायब. किल्ल्या दोघांकडेच. एक वृद्ध संपादक, दुसरी त्यांची मदतनीस भाची. मामांनी पोलिसांना बोलावलं आणि भाचीकडे बोट दाखवून मोकळे झाले. पोरगी रडून अर्धी झाली होती. चोर ठरली तर नोकरी जाणार होतीच, वर मामाही तुटणार होते.

"या शब्दाचा अर्थ काय?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मरणारा. मरू घातलेला. दिवसाबद्दल असेल तर मावळणारा," मामा धडाधड बोलले. "क्रियापदापासून झालेलं विशेषण आहे."

"आणि तो चालवायचा कसा? विभक्तीची रूपं?"

"ती हिला विचारा. असल्या बारीकसारीक गोष्टी मी सांगत बसत नाही."

भाचीने डोळे पुसत सगळी रूपं म्हणून दाखवली.

फौजदारबाईंनी खण पाहिले. मोरिएन्सचा खण रिकामा, पण नीट बंद केलेला. मूळ क्रियापदाचा खण मात्र पार उसकटलेला होता, आणि तिथलं एकही कार्ड गेलेलं नव्हतं.

"हा कुणी उपसला?"

"माहीत नाही," भाची म्हणाली. "पूर्वी ही विशेषणं क्रियापदाच्याच खणात असायची. गेल्या महिन्यात मामांनी हुकूम काढला, वेगळी करा. मीच हलवली."

फौजदारबाई खुर्ची ओढून मामांसमोर बसल्या. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"चोराने आधी जुना खण उपसला. जिने स्वतः कार्डं हलवली, ती तिथे कशाला शोधेल? किल्ली दोघांकडेच. म्हणजे सर, तुम्ही. स्वतःचाच हुकूम तुम्ही विसरलात. आणि रूपंही."

मामा रिकाम्या खणाकडे पाहू लागले.

"कार्डांवर पाच वेळा लिहिली," ते पुटपुटले. "दर वेळी वेगळी. उभी हयात याच कामात गेली माझी. कुणी पाहिलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती."

"म्हणून आळ भाचीवर?"

"तरुण आहे ती. निभावेल, वाटलं."

भाचीला राग आला, भयंकर आला. तो गिळून ती मामांजवळ गेली.

"मामा, रूपं मी लिहिते. कार्डं कुठे ठेवलीत, तेवढं सांगा."

मामांनी खिसे चाचपले. वाकून टेबलाखाली पाहिलं. मग तिच्याकडे वळून अगदी मायेने विचारलं, "कुठली कार्डं, बाळ?"