वाडगा रिकामा पाठवू नये

ज्याला खोटं वाटते त्यानं इथंच थांबावं. माझं काही म्हणणं नाही.

पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घडलं आहे. सौंसरला, नागपूरच्या थोडं पुढं. आणि मध्यरात्री वगैरे नाही... भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात.

सुरुवात मात्र झाली मागच्या जानेवारीत, पार तिकडे बर्फात. डोंगराच्या डोक्यावर एक लॉज आहे, खाली स्की खेळणाऱ्यांचं गाव. नाव सांगत नाही, उगाच कोणी पाहायला जायचं.

माझी बहीण डिंपल. तिचे मिस्टर कुलदीप. माणूस सोन्यासारखा, पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. त्यानं मोबाईलवर बर्फात घसरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले, आणि झालं. राहायचं तर वरच्याच लॉजवर.

"सकाळी दार उघडलं का पायाले स्की बांधायची अन् सुटायचं," तो सांगे. "खालच्या हॉटेलवाल्याईले रोपवेच्या लाईनीत उभं राहा लागते. वरतं गर्दी नाई, गोंगाट नाई. पलंगावर बसल्या बसल्या सारे डोंगर दिसते."

"अन् पोरीले काही झालं तं?" डिंपल म्हणाली. "संध्याकाळी रोपवे बंद होते. वरतं ना डॉक्टर, ना मेडिकल. खालीच राहू न. दिवसा वर जाऊ, संध्याकाळी उतरून येऊ."

"तुले प्रत्येक गोष्टीत खोडच काढा लागते!"

वरचंच बुकिंग झालं. पहिलीतल्या प्रणालीला घेऊन तिघं निघाले. सोबत घरच्या बागेतली पिशवीभर संत्री.

पहिला दिवस छान गेला, हे डिंपलही कबूल करते. नळात पाणी गोठलेलं, जिना चढताना धाप लागायची, पण सकाळी डोंगरांवर ऊन आलं तेव्हा तीही सगळं विसरली होती.

दुसऱ्या दिवशी हवामान बिघडणार म्हणून बाकीचे पाहुणे सकाळीच खाली उतरले.

डिंपलनं बॅगा भरल्या होत्या.

"ताजा बर्फ पडून राहिला, अन् तुले जायची घाई!" कुलदीप म्हणाला.

दुपारपर्यंत वारा सुटला. रोपवे बंद. खिडकीबाहेर नुसतं पांढरं... ना डोंगर, ना आभाळ.

आणि प्रणाली खोकायला लागली.

आधी साधा खोकला. मग छाती भात्यासारखी हलायला लागली. ओठ निळसर.

डिंपल काउंटरवर धावली. मॅनेजर म्हणाला, "मैडम, हवा रुकेगी तो रोपवे चलेगा." खालच्या दवाखान्याला फोन लावला. रिंग जायची... आणि कट. पुन्हा काउंटर. तेच उत्तर. पुन्हा फोन. कट.

"आता बोला ना!" ती कुलदीपवर ओरडली. "दाखवा ना मले तुमचे डोंगर!"

कुलदीप खाली मान घालून पोरीचे तळपाय चोळत बसला होता.

तेवढ्यात दारावर आवाज झाला.

टक...

डिंपलनं दार उघडलं. बाहेर कोणी नाही.

उंबऱ्याशी तांब्याचा एक वाडगा होता, आतून कल्हई केलेला. त्यात वाफाळता काढा. केशरासारखा वास, आणि आणखी कसला तरी, ओळखू न येणारा.

तिला वाटलं, मॅनेजरनं किचनमधून पाठवला असेल. तिनं घोट घोट करून पोरीला पाजला. थोड्या वेळात धाप कमी झाली. ओठांवर रंग आला. डिंपल तिथंच जमिनीवर बसून रडली.

मग तिनं वाडगा धुतला, आणि तिथंच आपल्याकडची सवय आडवी आली.

आपल्या भागात शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत करते का? काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतोच. डिंपलनं पिशवीतलं एक संत्रं वाडग्यात ठेवलं, वाडगा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि दार लावलं.

जरा वेळानं पाहिलं तर वाडगा गेलेला.

तेव्हा तिचं लक्ष गेलं... समोर व्हरांड्यात ताजा बर्फ साचला होता, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

संध्याकाळी खोकला पुन्हा सुरू झाला. त्याच्या थोडं आधी दारावर तोच आवाज. तोच वाडगा, भरलेला. तिनं पाजला, धुतला, संत्रं घातलं. घाबरायलाही सवड नव्हती हो तिला!

सकाळी वारा पडला. रोपवेच्या डब्यात मॅनेजर सोबत होता. डिंपल म्हणाली, "आपके कुक को थैंक्यू बोलना. बच्ची बच गई."

"कुक तो कल सुबह ही नीचे चला गया था, मैडम."

तिनं वाडग्याचं सांगितलं. मॅनेजरचा चेहरा उतरला.

"उसमें कुछ डाला तो नहीं ना?"

"संतरा डाला. हमारे यहाँ बर्तन खाली नहीं लौटाते."

"खाली ही लौटाना होता है," तो वैतागून म्हणाला. "पी लो, धो दो, रख दो. बात खत्म. कुछ डाल दो तो वो समझती है कि घर बुलाया है."

"वो कौन?"

मॅनेजर काचेबाहेर पाहत राहिला.

खालच्या डॉक्टरनं तपासलं, नागपूरच्याही डॉक्टरनं तपासलं. छाती साफ, एक्स-रे साफ. घरी आल्यावर सगळे विसरले.

मग आला एप्रिल.

दुपारची वेळ. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डिंपल भांडी आवरत होती.

टक...

तिनं दार उघडलं. सौंसरच्या त्या भाजणाऱ्या उन्हात, उंबऱ्याशी तोच तांब्याचा वाडगा. काढ्यातून वाफ निघत होती. आणि वाडग्याखालची फरशी... ओली, गार.

ती किंचाळली. तिच्या सासूबाई पुष्पाकाकू धावत आल्या. आणि आतल्या खोलीत प्रणाली खोकायला लागली.

आता काय करणार? पाजला. खोकला थांबला.

"जे कोणी आहे, पोरीसाठीच आणून राहिली," पुष्पाकाकू म्हणाल्या. "आपल्या घरातून भांडं रिकामं जात नाई, डिंपल." त्यांनी वाडग्यात गुळाचा खडा ठेवला.

मग हे सुरूच झालं. कधी आठवड्यानं, कधी दोन दिवसांनी. आधी दारावर आवाज, मग वाडगा, मग खोकला. काढा पाजला की पोर खेळायला मोकळी. डॉक्टर म्हणे, काही नाही. दोघं नवराबायको एकमेकांवर नुसते तडतडायचे.

"वाडगा येते म्हणून खोकला येते!" कुलदीप म्हणे.

"खोकला येणार, हे तिले आधी समजते, म्हणून ती वाडगा आणते!" डिंपल म्हणे.

खरं काय, ते मला आजही समजलेलं नाही. मी पांढुर्ण्याहून जायचो, दोघांचं ऐकायचो आणि डोकं धरून परत यायचो.

मे महिन्यात एका दुपारी कुलदीपचा संयम सुटला. वाडगा आला तेव्हा दारात तोच होता. त्यानं काढा नालीत ओतला आणि वाडगा उंबऱ्याबाहेर आपटला.

"ने तुहा वाडगा! रिकामा ने! झाली बात खतम!"

डिंपल मागून धावत आली, पण उशीर झाला होता.

आत खोकला सुरू झाला.

या वेळी वाडगा गेला नाही. रिकामाच पडून राहिला. डॉक्टर घरी आले, वाफ दिली, इंजेक्शन दिलं. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डिंपलचा मला फोन आला.

"दादा, एक संत्रं आण. कुठूनही आण. पहिल्यांदा संत्रंच देल्लं होतं मी तिले."

मे महिन्यात संत्रं! हंगामात ज्या मुलखातून संत्र्यांचे ट्रक भरभरून जातात, तिथं मी एका संत्र्यासाठी वेड्यासारखा फिरलो. पांढुर्ण्याचा बाजार पाहिला, सावरगाव पाहिलं. सगळीकडे आंबे आणि मोसंब्या. रडू येत होतं, आणि कुलदीपचा असा राग येत होता की काय सांगू. शेवटी एका ज्यूसवाल्याच्या फ्रीजमध्ये तळाशी एक सुकलेलं संत्रं सापडलं.

सौंसरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कुलदीप दारातच बसला होता, डोळे लाल.

डिंपलनं संत्रं पुसलं, वाडग्यात ठेवलं आणि हात जोडले.

"चुकलं वो माय आमचं," ती म्हणाली. "पोरीवर नको काढू."

आम्ही दार लावलं. सगळे आत उभे. पंख्याचा आवाज आणि पोरीचा खोकला, बाकी काही नाही.

मग दारावर आवाज झाला.

टक...

डिंपलनं झडप घालून दार उघडलं.

वाडगा नव्हता.

संत्रं तिथंच होतं. उंबऱ्यावर, ओल्या फरशीवर ठेवलेलं. मी उचललं तर हात झोंबला. आतपर्यंत गोठून दगड झालं होतं.

त्यानंतर वाडगा आला नाही.

खोकला मात्र येतो. कधी आठवड्यानं, कधी दोन दिवसांनी. आता तो थांबायला पुरा दिवस लागतो, कधी रात्रही. नागपूरचे डॉक्टर अजूनही म्हणतात, छाती साफ आहे.

कुलदीपनं स्कीचे सगळे फोटो मोबाईलमधून काढून टाकले.

"न मागता आली होती ती, दादा," डिंपल मला म्हणाली. "अन् आपण तिच्या तोंडावर रिकामं भांडं मारलं."

आज दुपारी तिचा पुन्हा फोन आला होता. मागून प्रणालीचा खोकला ऐकू येत होता. बाहेर उन्हाची लू चालते आहे, सारं गाव दारं लावून बसलं आहे, आणि माझी बहीण दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी बसली आहे.

मी म्हटलं, "डिंपल, दार लाव."

तिनं फोन ठेवून दिला.