टाच उचल

रंजिता आटगावला स्वरूपच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेली ती फक्त पट्टा न्यायला. पोलीस भरतीची धाव आठवड्यावर आली होती आणि यंदा हुकली तर वयच संपणार होतं. धावताना तिचा उजवा पाय आत पडायचा, मग गुडघा ठणकायचा. मास्तर लावायची ऐपत नव्हती, म्हणून स्वरूपनं तिच्यासाठी मास्तरच बनवला होता.

पोरगा खरंच कमाल! घोट्याला बांधलेला पट्टा पावलांचा आवाज ऐकायचा आणि कानातल्या इअरफोनमधून चूक सांगायचा. पहिला पट्टा इतका बडबडायचा की रंजितानं तो भिरकावून दिला होता. मग हा गडी पंधरवडाभर तिच्यामागं सायकल दामटत फिरला. धापा टाकणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि पाऊल सुधारलं की लगेच शाब्बास म्हणावं, हे त्याला तिथं उमगलं. शिकवावं तर असं.

"पाय कसा पण असू दे," तो म्हणाला, "हा त्याला सुधारल."

दिवस कलताना ती तानसा तलावाच्या रस्त्याला लागली. दोन्ही अंगांना साग, वाऱ्याचं नाव नाही.

"पंजा सरळ," पट्टा म्हणाला. तिनं सरळ टाकला. "शाब्बास."

गुडघा दुखेना. आनंदानं तिला हसूच फुटलं. वळणावर ती बुटाची नाडी बांधायला थांबली.

"डावी टाच ओढू नको," पट्टा म्हणाला.

ती तर उभी होती. आणि टाच ओढायची खोड तिला नव्हतीच.

मग तिला ऐकू आलं. मागं बाईमाणसाची वाटावीत अशी अनवाणी पावलं... एक पडत होतं, एक घासत येत होतं. रस्ता मात्र रिकामा होता.

"कोन हाय गो?"

"टाच उचल," पट्टा मायेनं म्हणाला. घासणं कमी झालं. "शाब्बास."

रंजिता जीव मुठीत घेऊन पळाली. तिला शिकवलं तसंच पट्टा मागचीला शिकवत होता, आणि मागची भराभर शिकत होती. घासणं थांबलं. पावलं एकसारखी झाली... जवळ आली. पाड्यातले दिवे दिसले तेव्हा कुठे तिनं पट्टा ओरबाडून काढला.

दुसऱ्या दिवशी स्वरूपनं तो उघडून तपासला.

"बिघाड नाय गो," तो हळूच म्हणाला. "जे पाऊल ऐकलं, त्याला शिकवलं त्यानं."

भीतीतही त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि रंजिताला त्याचा राग आला नाही.

भरतीच्या मैदानावर असलं यंत्र अंगावर चालत नाही. ती पट्ट्याशिवाय धावली. शेवटच्या फेरीला मागून अनवाणी पावलं आली, हलकी, सरळ. रंजिता जिवाच्या आकांतानं सुटली आणि सगळ्यांच्या आधी रेषेपार गेली. बाकीच्या पोरी अजून लांब होत्या.

गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत होती, तेव्हा कानाशी कुणाचा तरी गार श्वास लागला.

"आता नाय ना गो वढत... माझी टाच?"