तेल काढलं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मामांसोबत घडलंय. तेही भर दुपारी तीन वाजता, शीतगृहाच्या मशीनरूममध्ये.

मामा तिथे मेकॅनिक. थंडाव्यासाठी नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड फिरायचा. कॉम्प्रेसरमधलं थोडं तेल त्याच्यासोबत वाहत जायचंच. ते वेळेवर काढलं नाही, तर नळीला आतून थर धरतो, वाट अरुंद होते आणि खोली गार होत नाही.

तेल काढायचं काम जोडीदाराचं. तो आत, मामा बाहेर. मशीनच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही, म्हणून खूण ठरलेली. पान्याने नळीवर तीन ठोके, म्हणजे 'तेल काढलं'. मामांचे दोन, म्हणजे 'कळलं'.

अठरा वर्षं. मामांनी एकदाही आत डोकावलं नाही.

त्या वर्षी थंडावा कमी होत गेला. साहेबांनी मामांनी केलेल्या नळ्यांच्या जोडणीला नावं ठेवली. मामा म्हणाले, "तेलाची शंका नको साहेब. तो मला भावासारखा आहे."

मग जोडीदार गेला. झोपेतच. मामांनी खांदा दिला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बजावलं, "उद्यापर्यंत खोली गार झाली नाही, तर घरी बसा."

मामा एकटेच मीटरसमोर बसले होते. आतल्या खोलीला कुलूप. किल्ली खिशात.

ठक... ठक... ठक.

मामांचा हात आपोआप उठला. दोन ठोके दिले.

मग अंगावर सर्रकन काटा आला.

कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. नळी मात्र थरथरत होती...

तेल काढायचा नळ पार टोकाला. तो बर्फात गाडला गेला होता. कित्येक महिन्यांत त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

मामांनी बर्फ फोडला. नळ सावकाश सोडला. आधी थेंब... मग धार. काळं, चिकट तेल. एक बादली भरली. दुसरीही.

मामा तिथेच बसले. भीती कुठल्या कुठे गेली.

"केसाने गळा कापलास रे. तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता."

उत्तर आलं.

ठक... ठक... ठक.

मेल्यावरही तो तेच खोटं सांगत होता.

खोली गार झाली. नोकरी वाचली. मामा आता निवृत्त आहेत. पण दुपारी तीनला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पाइपवर ठोके पडतात. मामीलाही ऐकू येतात. मामा उत्तर देत नाहीत.

परवा मी तिथेच होतो. ठोके पडले... आणि मामांचा हात पाइपकडे गेला. मामीने तो घट्ट धरला.

"सवय गं," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

ठोके थांबले नाहीत. मी आता दुपारचा त्यांच्याकडे जात नाही.