बंद न पडणारी गाडी

चौफुल्यावर शिरूरची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली आणि तहमीना छत्री धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. परतीचा पाऊस होता, धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. केडगावच्या दवाखान्यात दिवसभर नर्सची ड्यूटी करून पायांचे तुकडे पडले होते, आणि पुढची गाडी कधी येईल हे कंट्रोलरलाही ठाऊक नव्हतं. अशात तिच्यासमोर येऊन थांबली ती लाल, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार.

ती गाडी शिरूर तालुक्यात कुणाला माहीत नव्हती? कारेगावच्या जयसिंगरावांची जमीन एमआयडीसीत गेली, पैसा आला, आणि त्यांच्या थोरल्या मुलानं, सत्यजीतनं, ट्रॅक्टर घ्यायचं सोडून, बदली झालेल्या कुठल्याशा साहेबाकडून हे खेळणं विकत घेतलं. लोक पोट धरधरून हसले. पहिल्याच स्पीडब्रेकरला हिचा खालचा पत्रा निघून येतो की नाही बघा, म्हणाले. तसं काही झालं नाही. तहमीनाचा भाऊ अनिस शिरूरच्या आपल्या गॅरेजात गाडीची निगा राखी, आणि सत्यजीत रोज तीच घेऊन चौफुल्याच्या आपल्या पंपांच्या दुकानावर जाई. शेजारच्या सीटवर कधी विहिरीची मोटार, कधी पाइपाचं भेंडोळं, कधी पेंडीचं पोतं. रिकामी असली तर वाटेत हात करील तो माणूस. अडलेल्या बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या, परीक्षेला उशीर झालेल्या पोरी गेल्या. दूधवाल्याचा टेम्पो बंद पडे, एसटी बंद पडे, ही मात्र कधीच नाही.

"बसा की," तो म्हणाला. "अनिसची बहीण ना तुम्ही?"

तहमीनानं गाडीकडे पाहिलं. वर आभाळ होतं. "टप कुठाय हिचा?"

"तुमच्याच घरी. गनीचाचांकडं शिवायला टाकलाय."

"म्हंजी आमच्या आब्बांमुळं भिजायचं."

"म्हणून तर छत्री तुम्ही धरायची," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

तिनं धरली. आधी नुसती आपल्यावर, मग थोडी मध्ये... आणि न्हावरा येईपर्यंत तिचा डावा खांदा भिजलेला आणि त्याचा मात्र कोरडा होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं. गाडी इतकी हळू चालली होती की एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला आणि वळून हसला.

"ही पळणारी गाडी ना?" तिनं विचारलं.

"पळवली असती. छत्री उलटी हुईल."

"येवढंच कारण?"

"आन्... शिरूर लवकर यील," तो समोर बघत म्हणाला.

तहमीनानं मान उसाच्या फडाकडे वळवली. हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती त्या गाडीत.

त्यानंतर तिची एसटी वरचेवर चुकू लागली. उघड्या गाडीतून दोघं सगळ्यांच्या देखत जात, आणि तरी कुणाच्या मनात काही येत नसे, कारण त्या सीटवर अर्धा तालुका बसून गेला होता. थंडीत ती हरभऱ्याचे घाटे सोलून गियरच्या दांड्याजवळ ठेवी, तो न बघता एकेक उचले. कधी बोटाला बोट लागे. पाऊस केव्हाच संपला होता, पण तिची छत्री सीटच्या मागेच राहिली होती. ती मागत नव्हती आणि तो देत नव्हता.

मग न्हावऱ्याच्या फाट्यावर चिंचेखाली त्यानं एकदा गाडी थांबवली.

"तहमीना, ही सीट आता दुसऱ्या कुणाला द्यावीशी वाटत न्हाई मला."

"मग देऊ नका," ती म्हणाली. "पण त्यासाठी न्हाई म्हणायला शिकावं लागंल तुम्हाला."

ती थट्टेत बोलली, पण तेच खरं दुखणं होतं. जयसिंगरावांचं सगळं राजकारण एका वाक्यावर उभं होतं, आपल्या दारातून कुणी रिकामा जाता कामा नये. लाल गाडीशिवाय आजूबाजूचा एक नवरदेव मांडवात जात नसे. मराठ्याचा असो, माळ्याचा असो, मुसलमानाचा असो, मुलीकडचा बाप कारेगावला जाऊन गाडी मागे, जयसिंगराव मुलाकडे बघत आणि मुलगा म्हणे, "येईल." हे इतकं अंगवळणी पडलं होतं की प्रश्न संपायच्या आत उत्तर निघे. आपल्या दोघांचं घरी सांगायला मात्र त्याला शब्द सापडत नव्हता. आधी पंचायत समितीची निवडणूक होऊ दे, म्हणाला. मग म्हणाला, चुलतबहिणीचं लग्न होऊ दे. तीही घरी गप्प होती. जयसिंगरावांच्या उंबऱ्यातून आपण सून म्हणून आत जाऊ, हे तिला स्वप्नातसुद्धा धड दिसत नसे.

उन्हाळ्यात दौंडहून स्थळ आलं. शाहनवाज रेल्वेत होता, सरळ होता, नावं ठेवायला जागा नव्हती. सत्यजीतनं शपथ घेतली, या रविवारी आबांशी, आपल्या वडिलांशी, बोलतोच.

त्याच रविवारी संध्याकाळी तहमीनाचे आब्बा गनीभाई कारेगावहून परतले ते खुशीतच. चप्पल काढता काढता सांगू लागले, की दूल्ह्यासाठी गाडी मागायला गेलो होतो, जयसिंगरावांनी चहा पाजला, आणि सत्यजीत तर म्हणाला, मी स्वतः चालवत आणीन. किती गुणाचा पोरगा, म्हणाले. तहमीना पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली नाही. एसटीनं येऊन फाट्यावर उतरली आणि चिंचेखाली गाडीचं दार धरून उभी राहिली.

"तोंडातून गेलं गं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरून गेला होता. "चाचा समोर बसलेले, आबांनी माझ्याकडं बघितलं, आन् मी 'येईल' म्हणून बसलो. पुढं बोलायला जीभच उचलंना."

ती रागावली नाही. रागावण्याच्या पलीकडे गेली होती. "मला तर आब्बांसमोर तेवढीबी जीभ न्हाई," ती म्हणाली. "येक करा. त्या दिवशी गाडी बंद पाडा. दुसरं काय करू नका, बोलू नका. निकाहाचे वकील माझी कबुली विचारायला येतील, तवा गाडी आली नसंल, तर मी समजंन तुम्ही माझ्यासाठी उभं हाय. मग मी कबूल म्हणणार न्हाई. काय व्हायचं ते हुईल."

"आन् आली तर?"

"आली तर... समजंन, तुम्हाला न्हाई म्हणता येतच न्हाई. मलाच न्हाई म्हणालात."

त्यानं मान हलवली. तो रडत होता की काय, हे तिनं पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी ती बायकांच्या खोलीत ओढणीखाली बसून होती. मेंदीचा, अत्तराचा, बिर्याणीच्या वाफेचा वास कोंडला होता. वरातीला उशीर होत होता. बायका कुजबुजू लागल्या, आणि तहमीनाच्या मनात एकेक पाकळी उघडू लागली. नाही येणार. नाही येणार तो. तिनं मनातल्या मनात आब्बांची माफीसुद्धा मागून ठेवली.

मग बाजाराच्या टोकाकडून तो आवाज आला. शंभर गाड्यांत तिनं तो ओळखला असता. मांडवात पोरं ओरडली, दूल्हा आला, लाल गाडी आली. तिच्या हाताची बोटं आपोआप मिटली. थोड्या वेळानं वकील आणि साक्षीदार दाराशी आले, नाव घेतलं, विचारलं. काही वाटेनासं झालं होतं. ती म्हणाली, कबूल आहे.

निरोपाची वेळ झाली तेव्हा नवीच अडचण निघाली. गाडीला सीट दोन आणि बसणारे तीन. सत्यजीत पुढे आला, खिशातली चावी काढून शाहनवाजच्या हातात दिली. "तुम्हीच न्या," म्हणाला. "गाडी उद्या अनिस आणील." तहमीनाकडे त्यानं पाहिलं नाही. आब्बांनी हातानं शिवलेला टप वर चढवलेला होता, आत अंधारलेलं होतं. ती बसली. ओढणी आवरताना सीटमागे हाताला काहीतरी लागलं. छत्री होती.

दार लावायला अनिस वाकला. डोळे पुसत, हसत म्हणाला, "रडू नको. खरं तर आज ही गाडी आलीच नसती, माहितीय? सकाळी जयसिंगरावांचा गॅरेजवर फोन, गाडी सुरू हुईना म्हणून. शब्द दिलेला, म्हातारा घाबरला. मी नव्या कपड्यातच कारेगावला पळालो. बघतो तर कॉइलची वायरच गायब. तुटली न्हाई, गायब. मी सत्यजीतला विचारलं, तर नुसता बघत राहिला. म्हणाला, राहू दे अनिस, न्हाई चालू व्हायची. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या लग्नात बंद राहील व्हय ही? दुसरी वायर लावली की मिनिटात सुरू."

तहमीनानं मान वर केली. टपाच्या छोट्या काचेतून मांडवाचा खांब दिसत होता, आणि खांबाला टेकून तो. आता तो बघत होता. दोघांनाही बोलायचं सारं त्या गाडीनं बोलावं असं वाटत होतं, आणि गाडी आपली भावानं जशी राखली तशी चालत आली होती.

पहिल्या चावीला इंजिन सुरू झालं.

शिरूर मागे पडलं. शाहनवाज जपून चालवत होता, भला माणूस होता. न्हावऱ्याचा फाटा आला, चिंचेची सावली गाडीवरून सरकून गेली. तिनं मनापासून मागितलं, आता तरी, इथं तरी बंद पड. गाडी पुढे गेली.

"किती सुरेख चालते," शाहनवाज म्हणाला. पहिल्यांदाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "कधी म्हणून बंद पडली नाही म्हणतात."

तहमीनानं छत्री मांडीवर घेतली.

"येकदा पडली होती," ती म्हणाली.