काळी दोन

"काळी दोन गेली," अमृता म्हणाली, आणि सोपान मांडवामागे दोन काळ्या पिशव्या शोधायला धावला.

ज्योत्स्नाताईंनी कपाळाला हात लावला. खासगी तपासाच्या कामात सोपान पाच वर्षं सोबत होता, आणि पाचही वर्षं तो आधी धावत होता.

"परत ये. काळी दोन म्हणजे पेटीवरची पट्टी. सूर."

पिंपळवंडीच्या विहारासमोर पाच वाजता अमृताच्या वडिलांचा, रत्नदीपचा, स्मृती-कार्यक्रम होता. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, वाजवणाऱ्या तरुणांना मदत म्हणून. पुण्याहून आलेले दोन गुरू एकाला वर्षभर शिकवायला निवडणार होते. अमृता वडिलांच्याच पट्टीत गाणार, मधूनमधून त्यांचाच काळी दोनचा माउथ ऑर्गन वाजवणार. डब्यात एकसारखे दिसणारे सात होते, प्रत्येकावर पट्टीचं इंग्रजी अक्षर. आता सहाच उरले होते.

"आणि तेही उलटसुलट ठेवलेत," अमृता म्हणाली. "बाबा ओळीनं लावायचे."

डबा ठेवलेल्या खोलीत दुपारपासून तिघेच गेले होते.

स्पीकर लावणारा कपिलकाका आधीच वैतागलेला. "ताई, भागुजीबाबांची पेटी सकाळी चांगली व्हती, आता खडखडतीया. माईक सगळं वढतो. मला काळी-पांढरी कळत असती तर वायरी कशाला जोडल्या असत्या?"

आहुपेच्या मोहितलाही अमृतासारखीच गुरूंकडची ती एक जागा हवी होती. ते त्यानं लपवलं नाही. अमृतासोबत गिटारवर तोच होता. त्याच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टीचं इंग्रजी अक्षर होतं.

रत्नदीपचे वडील भागुजीबाबा पेटीवर बसणार होते. खोलीत आपण पेटी जुळवत होतो, कुणी आलं नाही, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी सोपानला विचारलं, "पावणं, फलकावर विंग्रजीत काय लिव्हलंय?"

"ब्लूज, बाबा."

पावणेपाचला ज्योत्स्नाताईंनी सगळ्यांना मंचावर बोलावलं.

"चोराला एकच हवा होता, पण त्यानं सातही बाहेर काढले. मोहितला अक्षर वाचता येतं, त्यानं थेट उचलला असता. कपिलभाऊंनी सात काय, सत्तर फुंकले तरी काळी दोन सापडणार नाही. अक्षर येत नाही, सूर मात्र येतो, एकेक फुंकून पेटीशी ताडून बघतो, असा माणूस एकच. बाबा, पेटीचं झाकण उघडा."

माउथ ऑर्गन झाकणाखाली होता.

"तिचा गळा काळी चारचा हाय," भागुजीबाबा म्हणाले. "बापाच्या पट्टीत खालचा सूर लागत न्हाई, निस्ता वारा निघतो. आज या लोकांम्होरं तशी गायली तर घरी बसंल."

"मग सांगायचं ना, आजोबा."

"चार म्हयने काय करतोय मी?"

अमृतानं माउथ ऑर्गन उचलला, वडिलांच्या फोटोसमोर मेणबत्तीशेजारी ठेवला आणि मोहितकडे वळली. "काळी चार."

मोहितनं गिटारवरची पट्टी बदलायची क्लिप सरकवली.

"चार काय आणू?" सोपाननं विचारलं.

"खाली बस," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

पहिल्या ओळीतल्या खालच्या सुराला अमृतानं डोळे मिटले. तो लागला, आणि टिकला. समोर पुण्याच्या एका गुरूनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

भागुजीबाबांनी मान वर केली नाही. पेटी आता खडखडत नव्हती.